औषधाची साखळी आणि वैद्याची सही

चिकित्सेच्या चार पादांपैकी भिषक् या पादावर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. निदानकौशल्य, नाडीपरीक्षा, पथ्यकल्पना या विषयांवरील लेखांची वाण कधी पडत नाही. त्या मानाने द्रव्य हा दुसरा पाद उपेक्षित राहिला आहे. चरकाचार्यांनी द्रव्याचे चार गुण सांगितले : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. पहिल्या तिन्ही गुणांची चर्चा विद्यार्थिदशेत, परीक्षेपुरती का होईना, होते. संपत्, म्हणजे द्रव्य जसे असावयास हवे तसेच ते असणे, हा चौथा गुण मात्र आपण व्यापाऱ्यावर सोपवून मोकळे होतो.

वैद्यकीय हलगर्जी म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पोटात राहिलेली कात्री किंवा चुकीच्या पायावर केलेली शस्त्रक्रिया उभी राहते. अशा घटना घडतात व त्या निंद्यच आहेत. परंतु एकाच वेळी अनेक रुग्ण दगावण्याचे प्रसंग पाहिले, तर तेथे बहुधा कोणा एकाचा हात थरथरलेला नसतो. प्रत्येकाने आपापले नित्याचे काम केलेले असते, प्रत्येकाने सही केलेली असते, आणि तरीही रुग्णाच्या मुखात विष गेलेले असते. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्याच मुंबईत घडले आहे. आज चाळिशीच्या आतील वैद्यांना ते ठाऊक असण्याचा संभव कमी, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

१९८६ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत मुंबईच्या सर ज. जी. समूह रुग्णालयात १४ रुग्ण मृत्यू पावले. मेंदूतील अथवा नेत्रगोलातील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. ही त्या काळातील मान्य चिकित्सा होती. मात्रा चुकलेली नव्हती, निदान चुकलेले नव्हते, परिचारिकांनी वेळाही पाळल्या होत्या. तरीही रुग्णांचे मूत्र बंद होऊ लागले आणि मूळ व्याधीशी ज्याचा संबंध लावता येईना अशा वृक्कनाशाने ते एकामागून एक गेले. तपासणीत आढळले की ज्यास औषधी ग्लिसरॉल समजले जात होते त्यात सुमारे १८ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. औद्योगिक वापराचा माल औषध म्हणून रुग्णालयात पोहोचला होता.

डायएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य कसे आहे हे जाणून घेतल्याशिवाय या घटनेचे मर्म कळणार नाही. ते रंगहीन, जवळजवळ गंधहीन, दाट आणि चवीला गोड असते. ग्लिसरीनही तसेच. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर अनुभवी औषधनिर्मात्यासही डोळ्यांनी वा जिभेने फरक सांगता यावयाचा नाही. फरक किमतीत आहे, पहिले स्वस्त. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होते आणि त्यातून निर्माण होणारे डायग्लायकोलिक आम्ल वृक्कातील सूक्ष्म नलिकांचा नाश करते. आरंभी उलटी, पोटदुखी व गुंगी एवढीच लक्षणे दिसतात, जी कोणत्याही तापाच्या मुलात दिसू शकतील. दोन-तीन दिवसांत मूत्राघात होतो. त्यानंतर मज्जातंतूंवरही परिणाम होऊ शकतो, आणि तेथवर पोहोचलेल्या रुग्णास वाचविणे फार दुष्कर. अज्ञात औषधाची तुलना चरकाने विष, शस्त्र, अग्नी व वज्र यांच्याशी केली आहे. आपण त्या वचनाचा अर्थ न ओळखलेली वनस्पती एवढाच घेतो. येथे तर औषध ओळखीचे होते. बाटलीतील वस्तू अनोळखी होती.

शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. १९८७ अखेर अहवाल पूर्ण झाला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या अहवालाचे वैशिष्ट्य असे की त्याने केवळ पुरवठादाराला दोषी ठरवून फाईल बंद केली नाही. रुग्णालयाची खरेदी, मालाचा स्वीकार, रुग्णालयाचे प्रशासन, राज्याचे अन्न व औषध प्रशासन आणि आरोग्य खात्याचा कारभार पाहिलेले मंत्री, अशी सारी साखळी त्यात तपासली गेली आणि प्रत्येक ठिकाणी दोष दाखविले गेले. मुंबईचे ज्येष्ठ मज्जाशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लिहून ते जगापुढे ठेवले. आपल्या व्यवसायातील दोष आपणच परदेशी नियतकालिकात मांडण्यास धैर्य लागते. त्या काळी तर अधिकच.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अशा अपघातांचा अभ्यास करून जो विचार मांडला तो आपल्या फार्मसीतील भाषेत सांगता येईल. चूर्ण गाळण्यासाठी चाळण्या एकावर एक ठेवल्या आहेत असे समजा. प्रत्येक चाळणीला एखादे फाटके भोक असतेच. एका चाळणीतून निसटलेला खडा दुसरीवर अडतो, म्हणून नित्य काही बिघडत नाही. ज्या दिवशी सर्व चाळण्यांची भोके एका रेषेत येतात, त्या दिवशी खडा थेट रुग्णाच्या पुडीत जातो. ज. जी. रुग्णालयात विक्रेता, खरेदी, भांडार, तपासणी, परवाना अशा पाच चाळण्या होत्या. प्रत्येकाने गृहीत धरले की आपल्या वरच्याने गाळले आहे.

आता यापूर्वीच्या एका घटनेकडे वळू, कारण औषधविक्रेत्यांसाठी तिच्यात वेगळा पाठ आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषध कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध मुलांना घेता यावे म्हणून द्रवरूपात आणले आणि द्रावक म्हणून हेच डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. रंग, वास व चव तपासली. विषारीपणा तपासला नाही, कारण तसे बंधन कायद्यात नव्हते. शंभरावर माणसे मेली, त्यांत अनेक बालके. सरकारला तो माल जप्त करण्याचा अधिकार मिळाला तोही एका शब्दामुळे : 'एलिक्झिर' म्हणजे मद्यार्कयुक्त द्रव, आणि यात मद्यार्क नव्हता, म्हणून नाव चुकीचे! विष होते या कारणावरून जप्ती करता येत नव्हती. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, तेथील औषध कायदा बदलला.

परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. बनविलेल्या २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन औषध परत मिळविण्यात आले. हे कसे शक्य झाले? निरीक्षक दुकानोदुकानी फिरले, विक्रीच्या वह्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चाळल्या, घरोघरी गेले. जेथे दुकानदाराने नाव-पत्ता लिहून ठेवला होता तेथे बाटली हाती लागली. जेथे नाव-पत्ता लिहिलाच नव्हता तेथे शोध अडला. ज्या वहीकडे आपण करवसुलीचे ओझे म्हणून पाहतो, ती वही काही घरांत जीवनमरणाची ठरली.

हे सारे जुने झाले, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. हाच पदार्थ १९९८ मध्ये दिल्ली परिसरात, २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर भागात आणि २०२२ मध्ये भारतात बनलेल्या सिरपमधून आफ्रिकेतील गांबियात बालकांच्या मुखी गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो आपल्या दाराशी आला. मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात सर्दी-खोकल्याची लहान मुले 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप घेतल्यावर वृक्कनाशाने आजारी पडू लागली. छिंदवाड्याला जवळचे मोठे शहर नागपूर, त्यामुळे त्यांतील अनेक मुले नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि कित्येकांनी तेथेच प्राण सोडले. मृतांची संख्या वीसच्या वर गेली. बहुतेक पाच वर्षांखालील. सिरप बनले होते तमिळनाडूतील कांचीपुरम् जिल्ह्यात. तेथील शासकीय प्रयोगशाळेला नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे ती भेसळ नव्हती, जवळजवळ निम्मी बाटलीच विषाची होती. औषधी दर्जाचे नसलेले प्रोपिलीन ग्लायकॉल तपासणीविना वापरल्याचे कारखान्याच्या पाहणीत दिसून आले. कंपनीच्या मालकास अटक झाली, परवाना रद्द झाला. ते सिरप लिहून देणाऱ्या स्थानिक बालरोगतज्ज्ञासही अटक झाली.

या शेवटच्या अटकेवर देशभर वाद झाला आणि तो योग्यच होता. बाटलीत काय आहे हे लिहून देणाऱ्या डॉक्टराने कसे ओळखावे? प्रयोगशाळेविना ते ओळखता येत नाही हे वर आलेच आहे. माझे मत असे की बाटलीतील विषासाठी चिकित्सकाला दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. परंतु एकाच औषधावरील दुसरे मूल मूत्र न झाल्याची तक्रार घेऊन आले, त्या क्षणापासून त्याची जबाबदारी सुरू होते. त्या दिवशी तो बाटली हातात घेऊन बॅच क्रमांक पाहतो की नाही, औषध थांबवितो की नाही, कोणाला कळवितो की नाही, यावर त्याची परीक्षा व्हावी.

आपल्या संमेलनांत असे विषय निघाले की एक समाधानाचा सूर ऐकू येतो. हे आधुनिक वैद्यकाचे रोग, आपल्याकडे असे नाही, असा तो सूर. वैद्यबंधूंनी रागावू नये, पण हा सूर मला घातक वाटतो. आपल्या दुकानांतील फडताळावर नजर टाकावी. आयुर्वेदीय म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सिरपांच्या वेष्टनावर सॉर्बिटॉल, ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल ही नावे बारीक अक्षरांत असतात. वासा, कंटकारी, यष्टिमधु वरच्या ओळीत, आणि ज्यांच्या आधारे बाटली भरली ते द्रव्य खालच्या ओळीत. ते ग्लिसरीन त्याच बाजारातून, त्याच पिंपांतून येते. अनुपान म्हणून मध न वापरता सोयीसाठी ग्लिसरीन स्वीकारले, त्या दिवशी आपण त्याच साखळीत दाखल झालो.

बरे, केवळ वनस्पतीच वापरल्या तरी सुटका आहे का? १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्याच्या उपचारकेंद्रात चिनी वनौषधी दिल्या जात. स्टेफानिया टेट्रांड्रा ही वनस्पती द्यावयाची होती. चिनी नावांतील साम्यामुळे तिच्या जागी अरिस्टोलोकिया फांग्ची आली. शंभराहून अधिक स्त्रियांचे वृक्क कायमचे बिघडले आणि पुढे अनेकींत मूत्रमार्गाचे कर्करोग आढळले. येथे कोणी मुद्दाम स्वस्त विष मिसळल्याचा प्रश्नच नव्हता. नाव एक, द्रव्य दुसरे, एवढेच. संदिग्ध द्रव्यांचा विषय आपल्याला नवा नाही. रास्ना म्हणून कोठे काय मिळते यावर आपले द्रव्यगुणतज्ज्ञ पिढ्यान्पिढ्या वाद घालीत आले आहेत. पण तो वाद वर्गातला. ब्रुसेल्समध्ये त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा औषधशाळेत अशोकाच्या सालीची पोती आली. व्यापारी जुना, विश्वासातला. पावतीवर 'अशोकसाल' लिहिलेले, भाव नेहमीपेक्षा थोडा कमी. ओपीडीची वेळ होती, बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी पोते न उघडता सही केली. दुसऱ्या दिवशी भरड करताना आमच्याकडील वयोवृद्ध कामगार, ज्यांना शाळेचा गंध नाही, साल घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही सुतळीसारखी सुटतीय. आपली अशी सुटत नाही." साल चघळून पाहिली तर कषाय रस जेमतेम. रस्त्याच्या कडेला लावतात त्या उंच सरळ खोट्या अशोकाची, आसुपालवाची ती साल होती. सीतेच्या अशोकाची नव्हे. ही अदलाबदल बाजारात नित्याची आहे हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो! त्या सालीने कोणी मेले नसते. पण रक्तप्रदराच्या ज्या स्त्रियांसाठी अरिष्ट बनणार होते, त्यांना महिनोन्महिने निष्फळ औषध मिळाले असते, आणि गुण येत नाही म्हणून मी मात्रा वाढवीत गेलो असतो. सही माझी होती. लेंटिन आयोगाच्या अहवालाविषयी मी तोवर वाचले होते, तरीही माझी होती.

कायद्याची स्थिती येथे थोडक्यात पाहू. २००० साली औषध नियमावलीत परिशिष्ट 'टी' अंतर्भूत झाले आणि आयुर्वेदीय औषधनिर्मितीस उत्तम उत्पादनपद्धतीचे बंधन आले : कच्च्या मालाची स्वतंत्र नोंद, तपासणी होईपर्यंत माल वेगळा ठेवणे, प्रत्येक घाण्याचा लेखी तपशील. मात्र जो नोंदणीकृत वैद्य स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवितो व बाजारात विकत नाही, त्याला यातून सूट आहे. ही सूट आपल्या परंपरेचा मान राखणारी आहे आणि ती टिकावी असेच मला वाटते. पण सूट परवान्यापासून आहे, मोरचुदाच्या किंवा शिशाच्या गुणधर्मांपासून नाही. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळल्याचे तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आपल्या बाजूने आक्षेप घेतले गेले, त्यांतील काही रास्तही होते. तरी निर्यातीच्या औषधांस जड धातूंची तपासणी सक्तीची झाली ती त्यानंतरच.

न्यायालयांची भूमिकाही स्पष्ट आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचे ठरविले. त्यात चिकित्सापद्धतीनुसार कोणास सवलत नाही. १९९६ मध्ये, मुंबईतील एका होमिओपॅथी चिकित्सकाने तापाच्या रुग्णास आधुनिक औषधे दिल्याच्या प्रकरणात, ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्याची औषधे देणे हीच स्वतःमध्ये हलगर्जी, असा निर्णय आला. संमिश्र व्यवसायाचा प्रश्न महाराष्ट्रात राज्याच्या अधिसूचनांशी जोडलेला असल्याने त्याची चर्चा स्वतंत्र लेखातच करणे उचित. येथे एवढेच लक्षात घ्यावे की खोकल्याचे आधुनिक सिरप लिहून देणारे अनेक हात आपल्याच व्यवसायातले आहेत, आणि चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना ज्या सर्दीच्या संयुक्त औषधांच्या वेष्टनावर हवी, तीही आपल्या टेबलावरून जातात.

तर मग आपल्याच्याने काय होण्यासारखे आहे? प्रत्येक वैद्याने वायुवर्णलेखनाचे यंत्र घ्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ग्लिसरीन, सॉर्बिटॉल वा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरणाऱ्या फार्मसीने प्रत्येक पिंपासोबत त्याच बॅचचे विश्लेषणपत्र मागावे, मूळ उत्पादकाचे नाव त्यावर आहे का पाहावे, आणि मधल्या व्यापाऱ्याने पिंप फोडून लहान डब्यांत भरलेला माल घेऊ नये. शासनमान्य प्रयोगशाळेत एका नमुन्यास येणारा खर्च घाण्याच्या किमतीच्या मानाने फार नसतो. खर्च वाचला असे वाटते तेथेच भाव 'नेहमीपेक्षा थोडा कमी' असतो. दवाखान्यातून औषध देताना पुडीवर वा बाटलीवर तारीख व घाण्याचा क्रमांक लिहावा आणि तोच केसपेपरवर उतरावा. तापाच्या मुलाला कोणतेही द्रव औषध दिले असेल तर आईला एक प्रश्न अवश्य विचारावा : लघवी शेवटची केव्हा झाली? मूत्रपरीक्षा आपल्या अष्टविध परीक्षेतच आहे. तिच्यासाठी नवे शास्त्र शिकावयाचे नाही. आणि संशय आल्यास बाटली फेकून देऊ नये. ती बंद करून ठेवावी, कारण परासियातील विष शेवटी बाटलीनेच सिद्ध केले.

अनिष्ट परिणाम कळविण्यासाठी आयुष औषधांचे दक्षता केंद्रजाल आहे. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे आणि आयुर्वेद महाविद्यालयांतूनही त्याची केंद्रे चालतात. कळविणे म्हणजे आपल्या शास्त्राची बदनामी, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. ज्येष्ठांनी स्वतः एखादे प्रपत्र भरून पाठविले तर तरुण वैद्यांचा संकोच लवकर जाईल.

आमच्या औषधशाळेत तेव्हापासून दोन बदल झाले. माल स्वीकारण्याच्या वहीत माझ्या सहीआधी त्या वयोवृद्ध कामगारांचा अंगठा लागतो. त्यांनी पोते उघडून, साल मोडून, चघळून पाहिल्याशिवाय वही माझ्यापुढे येत नाही. आणि प्रत्येक पोत्यातील मूठभर माल, तारीख घालून, कपाटात वर्षभर राहतो. त्या परत केलेल्या आसुपालवाच्या सालीचा तुकडाही तेथेच, पहिल्या खणात आहे. नवीन वैद्य उमेदवारीस आले की प्रथम तो त्यांच्या हाती देतो आणि ओळखा म्हणून सांगतो. आजवर आलेल्या सातांपैकी पाचांनी 'अशोक' असेच उत्तर दिले आहे.